सुई टोचून घेण्याआधी

ॲक्युपंक्चर म्हणजे शरीरावरच्या ठरावीक बिंदूंवर सुया टोचून करायचा चिनी परंपरेतला उपचार. त्याची सुई पहिल्यांदा जवळून पाहिली की ती सुई वाटतच नाही. सीलबंद पाकिटातून बाहेर येते ती केसासारखी बारीक तार, वरच्या टोकाला तारच गुंडाळून केलेली छोटीशी मूठ. नेहमीच्या वापरातल्या सुयांची जाडी ०.१६ ते ०.३० मिलिमीटर असते. बोटाने ढकलली की वाकते, सोडली की सरळ होते. रक्त काढायची सुई हिच्या तिप्पट-चौपट जाड असते, शिवाय आतून पोकळ, आणि तिचं तिरकं छाटलेलं टोक कातडी कापत आत शिरतं. ॲक्युपंक्चरची सुई भरीव असते. तिचं निमुळतं टोक तंतू कापत नाही, त्यांना बाजूला सारत वाट काढतं. म्हणून ती आत गेल्याचं कळतं ते डास चावल्याइतपत, आणि पुष्कळदा तेवढंही नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्याच्या मनातली सगळी भीती या टोचण्याची असते आणि ती पहिल्या दोन-तीन सुयांतच विरून जाते. पण मग माणूस फारच निर्धास्त होतो. सुई एवढी साधी निघाली तर बाकी काय विचारायचं, असं त्याला वाटू लागतं. आपल्या दुखण्याचं निदान झालंय का, सुई आपल्यासमोर पाकिटातून काढली का, पाठीवरची सुई किती खोल गेली, काढताना सगळ्या मोजल्या का, हे प्रश्न तसेच राहतात. खरी काळजी घ्यायची ती याच ठिकाणी. टोचण्याची भीती सोडून द्यावी, पण तिच्यातली सावधपणाची जी ताकद आहे ती या प्रश्नांच्या मागे लावावी, एवढ्याचसाठी हा लेख.

सुरुवात निदानापासून, कारण सुईने होणारं मोठं नुकसान बहुतेक वेळा सुईमुळे होत नाही, वाया गेलेल्या वेळामुळे होतं. कंबर दुखतेय आणि त्याबरोबर लघवी-शौचावरचा ताबा सुटतोय किंवा बैठकीचा भाग बधिर झालाय, तर त्या माणसाने ॲक्युपंक्चरच्या टेबलावर नाही, तासाभरात रुग्णालयात असायला हवं. पाठीच्या कण्याच्या खालच्या टोकाच्या नसा दाबल्या गेल्याची ती खूण आहे. अचानक, काही क्षणांत शिगेला पोहोचलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी, छातीत दाटून येणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, यांचंही तसंच. कारण नसताना वजन उतरत असेल, ताप येत असेल, रात्री पडल्यावर दुखणं वाढून झोप मोडत असेल, तर आधी तपासण्या. सुईने वेदना दबू शकते, आणि तपासणी न झालेल्या आजारात वेदना दबणं धोक्याचं असतं. चांगला उपचारक हे स्वतःहून विचारतो. आधीचे रिपोर्ट न बघता, 'सगळं बंद करा, फक्त सुया घ्या' असं जो म्हणतो, त्याच्याकडून उठून यावं. यात संकोच करण्यासारखं काही नाही.

मग ॲक्युपंक्चरकडे जायचं कशासाठी? पुरावा सगळ्यात जास्त गोळा झालाय तो जुनाट दुखण्यांसाठी: कंबर, मान, खांदा, गुडघ्याची झीज, वारंवार येणारी डोकेदुखी आणि अर्धशिशी. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीसाठी मनगटाच्या आतल्या बाजूच्या एका बिंदूवरही बरंच काम झालेलं आहे. याच्या बाहेर दावे पुष्कळ आहेत आणि आधार विरळ. वंध्यत्वापासून मधुमेहापर्यंत सगळं बरं करण्याची यादी भिंतीवर लावलेली दिसली, की ती यादी जितकी लांब तितका आपला विश्वास आखूड करावा.

पुराव्याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण ती नीट कळली नाही तर माणूस एक तर आंधळा भक्त होतो नाहीतर सरसकट थट्टा करू लागतो. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निकाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला पारंपरिक बिंदूंवर रीतसर ॲक्युपंक्चर दिलं. दुसऱ्याला बिंदू नसलेल्या जागी, वरवर सुया टोचल्या. रुग्णांना आपल्याला कोणतं मिळतंय हे ठाऊक नव्हतं. तिसऱ्याला औषधं, फिजिओथेरपी, व्यायाम असा नेहमीचा उपचार. सहा महिन्यांनी ठरावीक प्रमाणात सुधारलेले रुग्ण होते पहिल्या गटात ४७.६ टक्के, दुसऱ्यात ४४.२ आणि तिसऱ्यात २७.४. हे आकडे दोनदा वाचावेत. सुया घेणाऱ्यांना नेहमीच्या उपचारापेक्षा स्पष्ट जास्त फायदा झाला. पण सुई 'योग्य' बिंदूवर गेली की भलतीकडे, याने जवळजवळ फरक पडला नाही.

यावरून दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीचं अर्धं वाक्य उचलतात. दोन्ही अर्धी एकत्र ठेवली तर निघतं ते असं: टोचणं, पडून राहणं, कुणीतरी अर्धा तास लक्ष देणं, बरं वाटण्याची अपेक्षा आणि बिंदूची निवड या सगळ्याचा मिळून परिणाम होतो, आणि त्यात बिंदूच्या निवडीचा वाटा आपल्याला सांगितला जातो त्याहून लहान आहे. पुढे ३९ चाचण्यांतल्या २०,८२७ रुग्णांची मूळ माहिती एकत्र करून २०१८ मध्ये जे विश्लेषण झालं, त्यात खऱ्या आणि नकली सुयांमध्ये फरक आढळला, पण छोटा; सुया आणि सुयाच नसणं यांच्यातला फरक मोठा. फायदा वर्षभराने सुमारे १५ टक्क्यांनी घटलेला, म्हणजे बराचसा टिकलेला दिसला. हाच पुरावा समोर ठेवून शहाणी माणसंही वेगवेगळ्या निर्णयाला येतात. कोणत्या आजाराला कोणता उपचार द्यावा याच्या सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २००९ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चरची शिफारस केली आणि २०१६ मध्ये ती काढून घेतली. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या 'अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स' या संघटनेने २०१७ मध्ये त्याच कंबरदुखीसाठी पहिल्या टप्प्यातल्या बिनऔषधी उपायांत त्याला जागा दिली. सारासार विचार करता, दीर्घकाळच्या दुखण्याला, निदान झाल्यावर, इतर उपचारांच्या जोडीने एक ठरावीक कोर्स करून बघण्यात शहाणपण आहे. चमत्काराच्या आशेने जाण्यात नाही.

चमत्काराची आशा कुठून येते याचाही एक धागा सापडतो. १९७१ च्या जुलैमध्ये अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन पेकिंगमध्ये (आजच्या बीजिंगमध्ये) असताना त्यांचं अपेंडिक्स काढावं लागलं, आणि त्यावर त्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लिहिलेल्या लेखाने पाश्चात्त्य जगात ॲक्युपंक्चरची एकच चर्चा सुरू झाली. 'सुया टोचून, भूल न देता ऑपरेशन केलं' अशा रूपात ती गोष्ट अजून सांगितली जाते. प्रत्यक्षात शस्त्रक्रिया नेहमीच्या भूल देणाऱ्या इंजेक्शनांवर झाली होती. सुया आल्या त्या नंतर, पोटात अवघडल्यासारखं होऊ लागल्यावर: उजव्या कोपराच्या बाहेरच्या अंगाला आणि गुडघ्यांखाली तीन. तासाभरात बरं वाटलं, असं त्यांनी लिहिलं. घडलेली गोष्ट एवढीच, आणि ॲक्युपंक्चरची खरी ताकद ओळखायला ती पुरेशी आहे.

आता उपचारकाच्या खोलीत जाऊ. सुई उघडण्याआधी तो जितके प्रश्न विचारेल तितकं बरं. पण त्याने विचारलं नाही तरी काही गोष्टी आपण सांगायलाच हव्यात. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर ती. ती मनाने बंद करायची नाही, सांगायची, म्हणजे तो खोल सुया टाळेल आणि काढल्यावर जास्त वेळ दाबून धरेल. रक्त गोठण्याचा किंवा प्लेटलेट कमी असण्याचा आजार. काही उपचारक सुयांतून सौम्य वीज सोडतात; हृदयाला पेसमेकर असेल तर सुयांना वीज जोडायची नाही, हे ठासून. हृदयात कृत्रिम झडप असेल किंवा केमोथेरपीमुळे पांढऱ्या पेशी उतरल्या असतील, तर साधा जंतुसंसर्गही महागात पडतो. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या असतील आणि हात सुजत असेल, तर त्या हाताला सुई लावू द्यायची नाही. मधुमेहाने तळपाय बधिर झाले असतील तर तेही बोलावं, कारण सुयांबरोबर पुष्कळदा 'मोक्सा' म्हणजे वाळलेल्या दवण्याच्या जातीच्या वनस्पतीचा शेक दिला जातो आणि बधिर कातडीला भाजल्याचं कळत नाही. फिट्सचा त्रास, निकेलची ॲलर्जी (स्टेनलेस स्टीलमध्ये निकेल असतं), दम्याचा किंवा फुप्फुसं फुगण्याचा जुना आजार, पूर्वी इंजेक्शन घेताना चक्कर येऊन पडल्याचा अनुभव. आणि गरोदरपण, अगदी शंका असली तरी. गरोदरपणी हाताच्या अंगठा-तर्जनीमधला एक आणि घोट्याच्या वर आतल्या बाजूचा एक, असे काही बिंदू परंपरेने टाळले जातात. पोट आणि कंबरेच्या खालच्या भागाचेही.

शिक्षणाबद्दल सरळ विचारावं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत, डॉक्टर नसलेल्या ॲक्युपंक्चर-उपचारकासाठी २,५०० तासांचं शिक्षण सुचवलं होतं. आपल्या वैद्यकीय कामात एक तंत्र म्हणून वापरणाऱ्या डॉक्टरसाठी निदान २०० तासांचं. आठवड्याच्या शिबिरातून कोण किती शिकणार, याचा अंदाज या दोन आकड्यांवरून येतो. फिजिओथेरपिस्ट जे 'ड्राय नीडलिंग' करतात त्यात सुई हीच, पण ती टोचतात स्नायूतल्या ताठर, दुखऱ्या गाठीत; परंपरेने शरीरात मानलेल्या शक्तीच्या वाहिन्या आणि बिंदूंच्या नकाशाशी त्याचा संबंध नसतो. नाव काहीही असो, सुई खोल जाणार असेल तर शरीररचनेचं ज्ञान दोघांनाही सारखंच लागतं.

स्वच्छतेच्या बाबतीत तडजोड नाही. सुया एकदाच वापरायच्या, पाकीट आपल्यासमोर फोडलेलं हवं, त्यावर निर्जंतुक केल्याची खूण आणि मुदतीची तारीख हवी. 'तुमच्या नावाने डबीत जपून ठेवतो, पुढच्या वेळी त्याच वापरू' ही काटकसर नको. काविळीचे विषाणू पुन्हा वापरलेल्या सुयांतून पसरल्याच्या नोंदी वैद्यकीय इतिहासात आहेत. काढलेली सुई टेबलावर किंवा कापसाच्या ढिगात जाता कामा नये, ती थेट टणक, झाकणाच्या डब्यात पडायला हवी. एक बारीक गोष्ट फार थोडे लोक पाहतात. कातडी स्पिरिटने पुसल्यावर ती वाळू द्यावी लागते. वाळायच्या आधी सुई घातली तर टोकाबरोबर स्पिरिटही आत जातं आणि चरचरतं. पहिल्याच सुईला भाजल्यासारखं झालं, तर दोष बहुतेक वेळा सुईचा नसतो, त्या दहा-वीस सेकंदांच्या घाईचा असतो.

घरातून निघताना तयारी साधी आहे. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. तासा-दोन तासांपूर्वी हलकं काही खाल्लेलं असावं. उपाशी, दमलेल्या, न झोपलेल्या माणसाला चक्कर लवकर येते. दारू घेऊन जाऊ नये. कपडे सैल, कोपर आणि गुडघ्यापर्यंत सहज सरकतील असे. उपचारक पारंपरिक पद्धतीने जीभ पाहणार असेल तर त्या दिवशी जीभ घासू नये आणि रंगीत काही खाऊ नये.

बिंदू शोधायची पद्धत मात्र जरा थांबून बघण्यासारखी आहे. परंपरेत ३६१ बिंदू मोजले जातात आणि त्यांची अंतरं मोजायला पट्टी वापरत नाहीत. माप असतं 'त्सुन'चं, आणि एक त्सुन म्हणजे अंगठ्याची सांध्यापाशी भरणारी रुंदी. चार बोटं जुळवून धरली की तीन त्सुन. हा अंगठा आणि ही बोटं रुग्णाची धरायची, उपचारकाची नाही. मोठ्या पंजाच्या उपचारकाने लहान चणीच्या बाईचं मनगट स्वतःच्या बोटांनी मोजलं की बिंदू सरकलाच. मळमळीसाठीचा बिंदू प्रत्येकाला स्वतःच्या हातावर सापडतो: तळहात वर करायचा, मनगटाच्या ठळक आडव्या रेषेला लागून दुसऱ्या हाताची तर्जनी, मधलं आणि अनामिका अशी तीन बोटं आडवी ठेवायची, आणि बोटांच्या कोपराकडच्या कडेला, मूठ किंचित वळल्यावर उठून दिसणाऱ्या दोन दोऱ्यांच्या मधल्या खाचेत दाबायचं. बऱ्याच जणांना तिथे एक बोथट, आत जाणारी कळ लागते. या जागी नुसता अंगठ्याने दाब देता येतो, सुई लागतेच असं नाही. घरी सुई टोचून पाहण्याचा मोह मात्र अजिबात नको, कारण त्याच खाचेच्या तळाशी हाताची मोठी नस (मज्जातंतू) जाते.

टोचताना बहुतेक जण प्लास्टिकची छोटी नळी वापरतात. सुई तिच्यापेक्षा काही मिलिमीटर लांब असते. नळी कातडीवर दाबून धरायची आणि वर आलेल्या मुठीवर बोटाने एक टिचकी मारायची, की टोक कातडीच्या वेदना जाणणाऱ्या थरातून झटकन पार होतं. नळीचा दाब आधीच लागलेला असल्याने टोचणं त्यात हरवून जातं. ही युक्ती सतराव्या शतकातल्या जपानमधल्या सुगियामा वाइची या अंध उपचारकाची मानली जाते. बोटांनीच सगळं पाहणाऱ्या माणसाला ती सुचली, याचं नवल वाटत नाही, आदर वाटतो.

नळी काढल्यावर सुई हळूहळू आत नेली जाते. जागेप्रमाणे काही मिलिमीटर ते दोन-तीन सेंटिमीटर. मग ती चिमटीत धरून फिरवतात किंवा वरखाली करतात. आता जे जाणवतं त्याला चिनी परंपरेत 'दे ची' म्हणतात. आंबल्यासारखं, जड, आतून ताणल्यासारखं, कधी मुंग्या, कधी कळ थोडी वर किंवा खाली सरकल्यासारखी. ही भावना अपेक्षित आहे. वीज चमकल्यासारखी सणसणीत कळ बोटापर्यंत गेली, किंवा एकाच ठिकाणी आग आग होत राहिली, तर ते अपेक्षित नाही. सुई नसेला किंवा रक्तवाहिनीला लागली असू शकते. 'सहन करा, असंच होतं' हे उत्तर तिथे चालत नाही. सुई थोडी मागे घेतली की ती कळ थांबायला हवी. सांगायला लाजू नये. आपल्या अंगात काय होतंय हे उपचारकाला दिसत नाही, त्याला ते फक्त आपल्या तोंडून कळतं.

साधारण पाच ते पंधरा सुया लागतात आणि त्या वीस ते तीस मिनिटं ठेवतात. या वेळात हलायचं नाही, आणि त्याचं कारण ठाऊक असेल तर न हलणं सोपं जातं. सुई स्नायूत असताना तो स्नायू आकसला की आत सुई वाकते किंवा तंतू तिच्याभोवती गुंडाळून ती अडकते. अडकलेली सुई ओढून काढायची नसते. स्नायू सैल पडेपर्यंत थांबायचं, आजूबाजूला हलकेच थोपटायचं, गरज पडली तर शेजारी आणखी एक सुई टोचून ताण सोडवायचा. एकाच दिशेला गरगर फिरवल्याने अडकली असेल तर उलट फिरवायची. वाकलेली सुई तिच्या वाकाच्या दिशेने, सावकाश. सुई मोडणं आता फार दुर्मीळ झालंय, पण मोडली तर ती मूठ आणि तार जोडलेल्या जागी मोडते. म्हणूनच जाणता उपचारक सुई मुठीपर्यंत कधीच घालत नाही, तारेचा काही भाग कातडीच्या वर ठेवतो. उपचारक खोलीबाहेर जाणार असेल तर हाताशी घंटी हवी, निदान हाक ऐकू जाईल इतकं अंतर.

पहिल्या वेळी झोपूनच सुया घ्याव्यात. बसून घेतल्यावर घेरी आली तर माणूस सुयांसकट खाली येतो. कानात आवाज, जांभया, घाम, ओठ पांढरे पडणं, पोटात ढवळणं ही घेरीची चाहूल. सगळ्या सुया लगेच काढायच्या, डोकं खाली आणि पाय वर करायचे, कपडे सैल करायचे. काही मिनिटांत माणूस सावरतो.

सुया किती धोक्याच्या, याचाही हिशेब मांडला गेलाय. जर्मनीत २,२९,२३० रुग्णांची नोंद ठेवली गेली. ८.६ टक्के लोकांनी काही ना काही त्रास सांगितला, त्यात मोठा वाटा (६.१ टक्के) थोडं रक्त येण्याचा किंवा निळं पडण्याचा. इलाज करावा लागला असे २.२ टक्के. फुप्फुसाभोवती हवा भरल्याच्या दोन घटना. दोन लाखांत दोन म्हणजे नगण्य, असं वाटेल. पण हाच एक धोका असा आहे की जो माहीत असण्याने जीव वाचू शकतो, म्हणून त्यावर थोडं अधिक.

मान आणि खांद्याचं टोक यांच्या मधोमध, ओझं ठेवतो त्या जागी, एक लोकप्रिय बिंदू आहे. मान अवघडली की हात आपोआप तिथे जातो. त्याच्या खाली फुप्फुसाचं वरचं टोक असतं, आणि बारीक अंगाच्या माणसात कातडीपासून ते दोन सेंटिमीटरच्या आतही असू शकतं. खांद्याच्या दोन पात्यांमधली पाठ, कॉलरबोनच्या वरची खोबण, बरगड्यांवरचा भाग, सगळीकडे हाच हिशेब. इथे सुई तिरकी आणि उथळ घालायची, किंवा स्नायू चिमटीत उचलून त्यात घालायची. छातीच्या मधल्या हाडावरचा बिंदू तर कातडीच्या समांतर, आडवीच सुई मागतो, कारण काही माणसांच्या त्या हाडाला जन्मतःच एक छिद्र असतं. बाहेरून ते कळत नाही, आणि हाडाने सुई अडेल या भरवशावर सरळ टोचली तर मागे हृदय असतं. त्या जागी सरळ सुई घ्यायला रुग्णाने नकार द्यावा, तो त्याचा हक्क आहे.

पाठ, खांदा किंवा छातीला सुया घेतल्यानंतर श्वास घेताना एका बाजूला टोचू लागलं, कोरडा खोकला आला, चालताना धाप लागली, तर ते स्नायू दुखणं समजून घरी पडून राहू नये. ही लक्षणं लगेच येतात असं नाही, काही तासांनीही येतात. रुग्णालयात जावं, छातीचा एक्स-रे काढावा, आणि सुया घेतल्या होत्या हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावं. त्या अवस्थेत विमानात बसू नये.

वीज जोडणार असतील तर सुयांच्या जोड्यांना छोटे चिमटे लावतात आणि सेकंदाला २ ते १०० ठोक्यांचा सौम्य प्रवाह सोडतात. बटण शून्यावरून हळूहळू वर न्यायचं, स्नायू हलका उडेल इतकंच. छातीच्या आरपार प्रवाह जाईल अशी जोडी लावायची नाही. मेंदूत स्वतःची वेदनाशामक द्रव्यं सुटण्याशी याचा संबंध असल्याचं संशोधन १९७० च्या दशकापासून होत आलंय. कानाला चिकटवून दिवसेंदिवस ठेवायच्या बारीक सुयांपासून सांभाळून राहावं. कानाच्या कूर्चेला रक्तपुरवठा कमी असतो आणि तिथला संसर्ग हट्टी. लाल झालं, ठणकलं की त्याच दिवशी काढून टाकावी. आणि सुया कायमच्या अंगात ठेवून देण्याची पद्धत कुणी सुचवली तर सरळ नाही म्हणावं. त्या सरकतात.

सुया काढताना मोजणी हवी, आणि ती मोठ्याने. घातल्या अकरा तर निघाल्या अकरा. विसरलेली सुई सापडते ती नेहमीच्या ठिकाणी: केसांत, कानामागे, चादरीखाली झाकलेल्या घोट्यापाशी. त्यात कुणाला ओशाळं वाटायचं कारण नाही. घालताना आपणही मनात आकडा धरावा. सुई निघालेल्या जागी कापूस दाबून धरला की डाग पडत नाही, चोळला की पडतो. लगेच उठू नये. पाच-दहा मिनिटं बसावं. पहिल्या वेळी पुष्कळांना गाढ सुस्ती येते, म्हणून घरी गाडी दुसऱ्याने चालवलेली बरी. एखादा दिवस मूळ दुखणं थोडं वाढतं आणि उतरतं. दोन दिवसांहून जास्त टिकलं तर पुढच्या वेळी सुया कमी, उथळ आणि थोड्याच वेळ ठेवायला सांगावं.

राहिला प्रश्न किती वेळा. एका सुईने बरं होत नाही, आणि शंभर सुयांनीही न होणारी दुखणी असतात. बहुतेक चाचण्यांत सहा ते बारा बैठका होत्या, आठवड्याला एक किंवा दोन. अर्धशिशी रोखण्यासाठी 'नाइस'ने, नेहमीची औषधं लागू पडत नसतील तर, पाच ते आठ आठवड्यांत दहापर्यंत बैठका सुचवल्या आहेत. वीस बैठकांचे पैसे आगाऊ भरून घेणारं पॅकेज पहिल्याच दिवशी स्वीकारू नये. त्याऐवजी सुया सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यापासून एक वही ठेवावी. रोज रात्री शून्य ते दहापैकी दुखण्याचा एक आकडा, किती गोळ्या लागल्या, आणि एखादं ठरलेलं काम जमलं का: दोन जिने चढणं, अर्धा तास सलग बसणं, मान वळवून मागे बघणं. जे आपल्याला खरोखर अडतंय तेच निवडावं. आधीचा आठवडा नोंदलेला नसेल तर पुढचे सगळे आकडे अधांतरी राहतात, कारण जुनं दुखणं मुळातच चढतं-उतरतं आणि माणूस उपचाराला जातो तो ते चढलेलं असताना.

चौथ्या-पाचव्या बैठकीनंतर ती वही घेऊन उपचारकासमोर बसावं. आकडे उतरले असतील, गोळ्या घटल्या असतील, तर कोर्स पुरा करून बैठकांतलं अंतर वाढवत न्यावं. आठवड्याचे पंधरा दिवस, मग महिना. थोडासाच फरक असेल तर बिंदू किंवा पद्धत बदलून आणखी दोन. काहीच हललं नसेल तर सहाव्या बैठकीपाशी थांबावं आणि ते त्याला तसं सांगावं. प्रामाणिक उपचारक वही उलटून पाहतो, दोन प्रश्न विचारतो आणि पुढे कुणाकडे दाखवायचं त्याचं नाव लिहून देतो.